डॉट ऑर्गचा अडवलेला सौदा: आयकॅनला जाब विचारायचा कुणी?

नोव्हेंबर 2019 च्या पहिल्या आठवड्यात, इंटरनेटवरच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची मोठी बैठक कॅनडात माँट्रियलला झाली. सरकारांचे प्रतिनिधी, डोमेन विकणाऱ्या कंपन्या, वकील, तंत्रज्ञ, स्वयंसेवी संस्थांची माणसं, सगळे आठवडाभर एकत्र होते. ही मंडळी घरी पोचतात न पोचतात तोच, 13 नोव्हेंबरला, इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने जाहीर केलं की डॉट ऑर्ग हा पत्ता (वेबसाइटच्या नावाचा ‘.org’ हा शेवट) चालवणारी आपली संस्था, पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री, आपण इथॉस कॅपिटल नावाच्या खासगी गुंतवणूक कंपनीला विकतो आहोत. किती रकमेला, हे त्या दिवशी सांगितलं नव्हतं. आकडा त्या महिन्याच्या अखेरीस बाहेर आला: 113.5 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ हजार कोटी रुपयांच्या वर.

तेव्हा डॉट ऑर्गवर एक कोटीहून जास्त पत्ते नोंदलेले होते. रेडक्रॉसपासून गावातल्या वाचनालयापर्यंत ज्यांना नफा कमवायचा नाही, ते बहुधा याच पत्त्यावर असतात. मराठी विकिपीडिया याच पत्त्यावर आहे. शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं स्कॅन करून जिथे ठेवलेली सापडतात, ते इंटरनेट अर्काइव्हही इथेच. देवनागरीतला ‘डॉट संगठन’ हा पत्ताही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीच चालवते, म्हणजे विक्रीत तोही जाणार होता. इतक्या जणांच्या पायाखालची जमीन विकायला निघाली आणि त्यांतल्या कुणालाही आधी विचारलं गेलं नाही. हा सौदा पुढे साडेपाच महिन्यांनी अडवला गेला. तो कुणी अडवला, कशाच्या जोरावर अडवला आणि ज्यांनी अडवायला हवा होता त्यांच्या हातात काय होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

कोण कुणाचं

आयकॅन ही संस्था 1998 मध्ये कॅलिफोर्नियात नोंदली गेली, ना-नफा आणि सार्वजनिक हितासाठी. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा पत्त्यांचा कारभार कुणी चालवायचा, हे ती करार करून ठरवते. करार ज्याच्याशी होतो ती रजिस्ट्री. रजिस्ट्री घाऊक दराने पत्ता देते, आपण तो रजिस्ट्रारकडून किरकोळ दराने घेतो. या व्यवस्थेत पत्ता घेणाऱ्याचा आयकॅनशी थेट करार कुठेच नसतो, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यामुळेच घडल्या.

डॉट ऑर्ग आधी व्हेरिसाइन कंपनीकडे होतं. 2002 मध्ये आयकॅनने ते नव्याने कुणाला द्यायचं यासाठी प्रस्ताव मागवले, अकरा आले. अर्जदाराने ना-नफा जगाला उत्तरदायी राहायला हवं, हा निवडीच्या निकषांपैकी एक होता. इंटरनेट सोसायटीने त्यासाठी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही स्वतंत्र ना-नफा संस्था उभी केली आणि 2003 च्या जानेवारीपासून डॉट ऑर्ग तिच्याकडे आलं. व्हेरिसाइनने वर 50 लाख डॉलरचा निधीही दिला. म्हणजे सोसायटीने हे काही बाजारातून विकत घेतलं नव्हतं. विश्वासाने सोपवलेलं होतं.

सोसायटीची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग रजिस्ट्रीकडून यायचा. इंटरनेटची तांत्रिक मानकं जिथे ठरतात त्या आयईटीएफचा खर्चही ती उचलते. एकाच व्यवसायावर सगळं अवलंबून असणं धोक्याचं आहे, रक्कम मिळाली तर कायमचा निधी उभा राहील आणि त्यावर काम चालेल, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं. हिशेब म्हणून ते खोटं नव्हतं. पण वाटाघाटी गुप्ततेच्या करारात झाल्या आणि सोसायटीच्या देशोदेशीच्या शाखांना बातमी जगाबरोबरच कळली.

जूनमधला करार

खरं तर या प्रकरणाची सुरुवात विक्रीच्या आधी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये होते. डॉट ऑर्गचा करार संपत आला होता. नव्या मसुद्यात आयकॅनने एक जुनं कलम काढून टाकायचं ठरवलं: घाऊक दर वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येणार नाही, हे. मसुदा हरकतींसाठी खुला केला गेला आणि तीन हजारांहून जास्त हरकती आल्या. जवळपास सगळ्या विरोधात. मोठ्या संस्थांनी सविस्तर लिहिलं, छोट्यांनी चार ओळी. बऱ्याच हरकती एका तयार नमुन्यावरून पाठवलेल्या होत्या, हेही खरं.

आयकॅनच्या कर्मचाऱ्यांनी या सगळ्याचा सारांश काढला. नवीन पत्त्यांच्या शेकडो करारांत दराची मर्यादा नाही, मग इथेच का, आणि आयकॅन काही दर ठरवणारं नियामक मंडळ नाही, असं उत्तर दिलं. 30 जून 2019 ला दहा वर्षांचा करार झाला, मर्यादा गेली. संचालक मंडळाने उघड ठराव करून मतदान घेतलंच नाही, सही प्रशासनाच्या पातळीवर झाली. नेमचीप या रजिस्ट्रार कंपनीने आणि इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने फेरविचाराचे अर्ज केले. नेमचीपच्या अर्जावर मत देताना आयकॅनच्या लोकपालाने या हरकतींतल्या बऱ्याचशा संगणकाने तयार केल्यासारख्या, स्पॅमच्या जवळ जाणाऱ्या असल्याचं लिहिलं.

इथे मी थोडा थांबतो, कारण मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. लोकपाल हे पद तक्रार करणाऱ्याचं ऐकून घेण्यासाठी असतं. एखाद्या संस्थेकडे माणूसबळ नाही, वकील नाही, इंग्रजीत करार वाचून मुद्देसूद हरकत लिहिणारं कुणी नाही, म्हणून तिने तयार मजकुराखाली आपलं नाव घातलं. तर ती हरकत कमी खरी होते का? आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा एकाच छापील अर्जावर अख्ख्या वस्तीच्या सह्या असतात आणि त्या मोजाव्या लागतात. न मोजण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला दिला की सुनावणी नावापुरती उरते.

करार झाला त्याच्या आधी, मे महिन्यात, इथॉस कॅपिटलच्या नावाचा पत्ता नोंदवला गेला होता. नोंदणी फादी शहादे यांच्या नावे. शहादे 2012 ते 2016 आयकॅनचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. इथॉसमध्ये वरच्या पदावर असलेल्या नोरा अबूसित्ता-ऊरी याही आधी आयकॅनमध्ये वरिष्ठ अधिकारी होत्या. यात कुणी बेकायदा वागल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि तसं मी म्हणत नाही. पण दराची मर्यादा निघते, त्याच वसंतात कंपनी जन्माला येते, त्या कंपनीला आयकॅनच्या आतल्या वाटा माहीत असलेली माणसं सल्ला देतात आणि पाच महिन्यांत 113 कोटी डॉलरचा सौदा जाहीर होतो. इतकं ओळीने आल्यावर लोक प्रश्न विचारणारच. त्यांना उत्तर देण्याची सोय आयकॅनच्या नियमांत नव्हती. पद सोडल्यावर अमुक काळ त्याच क्षेत्रातल्या व्यवहारात पडायचं नाही, अशी अट शहादे यांच्यासारख्यांना आड आली नाही.

कलम 7.5

विक्री जाहीर झाली तेव्हा आयकॅनच्या हातात एकच गोष्ट होती. रजिस्ट्री करारातलं कलम 7.5. रजिस्ट्रीची मालकी किंवा नियंत्रण बदलणार असेल तर तिने आधी आयकॅनला कळवायचं आणि संमती घ्यायची. आयकॅनने विनाकारण संमती अडवायची नाही. तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर संमती दिली असं धरलं जाईल. आयकॅनने आणखी माहिती मागितली तर मुदत पुढे सरकते.

हे कलम एका व्यापारी कंपनीकडून दुसरीकडे जाणाऱ्या रजिस्ट्रीसाठी लिहिलेलं आहे, हे वाचताक्षणी कळतं. नव्या मालकाकडे पैसा आहे का, तंत्र चालेल का, एवढंच त्यातून तपासायचं. ना-नफा संस्था नफ्याची होणार असेल तर काय, पत्ताधारकांचं काय, त्यांना कुणी विचारायचं, यावर कलमात चकार शब्द नाही. सुरुवातीला आयकॅनचा सूरही तसाच होता: आपला अधिकार मर्यादित आहे.

मग दबाव वाढला. ‘सेव्ह डॉट ऑर्ग’ या मोहिमेत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, अॅक्सेस नाऊ, एनटेन अशा संस्था पुढे होत्या, मागे शेकडो छोट्या संस्था. रॉन वायडन आणि एलिझाबेथ वॉरन यांच्यासह अमेरिकी लोकप्रतिनिधींनी पत्रं लिहिली. वेब निर्माण करणारे टिम बर्नर्स-ली यांनी उघड विरोध केला. डिसेंबरमध्ये आयकॅनने सोसायटीला कळवलं की तुमच्या विनंतीअर्जाची कागदपत्रं जाहीर व्हायला हवीत. रजिस्ट्रीने आधी ती जाहीर करू दिली नव्हती. पुढे काही भाग झाकून ती बाहेर आली. जानेवारी 2020 मध्ये आयकॅनच्या पहिल्या अध्यक्ष एस्थर डायसन आणि पहिले मुख्य कार्यकारी माइक रॉबर्ट्स यांनी काही जणांबरोबर एक सहकारी संस्था उभी करण्याचा प्रस्ताव मांडला: डॉट ऑर्ग विकायचंच असेल तर पत्ताधारकांच्या सहकारी संस्थेकडे द्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. आयकॅनने ज्यांच्या हातून आकार घेतला, तीच माणसं आता विरोध करणाऱ्यांच्या बाजूला होती. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमधल्या आयकॅनच्या कचेरीसमोर निदर्शनंही झाली.

इथॉसने फेब्रुवारीत आश्वासनं दिली. दरवाढ सरासरी वर्षाला 10 टक्क्यांच्या आत ठेवू, ही हमी 2019 च्या करारापासून आठ वर्षांची. देखरेखीसाठी एक सल्लागार परिषद नेमू. एक कोटी डॉलरचा निधी ठेवू. ऐकायला बरं वाटतं, पण आकडा करून पाहावा. घाऊक दर तेव्हा 9.93 डॉलर होता. वर्षाला 10 टक्के धरले तर आठ वर्षांत तो 21 डॉलरच्या पुढे जातो, आणि त्यानंतर हमीच नाही. सल्लागार परिषदेचे पहिले सदस्य ठरवणं रजिस्ट्रीच्याच हातात. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यानेच लक्ष ठेवणारा नेमायचा, ही रचना कुठल्याही गावच्या संस्थेत चालणार नाही.

कॅलिफोर्नियाचं पत्र

आयकॅनमध्ये लोकांच्या हातात अधिकार नाहीत असं नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकी सरकारने इंटरनेटच्या पत्त्यांवरची आपली शेवटची देखरेख सोडली तेव्हा बदल्यात नवी व्यवस्था आली. ‘एम्पॉवर्ड कम्युनिटी’, म्हणजे पाच गटांचा एक समूह. हा समूह अंदाजपत्रक फेटाळू शकतो, उपविधीतले बदल अडवू शकतो, संचालकाला काढू शकतो, वेळ पडली तर संपूर्ण मंडळ घरी पाठवू शकतो. कागदावर अधिकार फार मोठे आहेत. पण एखाद्या रजिस्ट्रीच्या करारावर या समूहाला हात घालता येत नाही. डॉट ऑर्गसारखा प्रश्न आला तर मंडळाला काढायचं किंवा गप्प बसायचं, मधला मार्गच नाही. आणि गटांमध्ये पुन्हा डोमेनच्या व्यापारातल्या कंपन्याही आहेत. त्यामुळे पाचही गट एकमुखाने उठतील असं कधी दिसलं नाही.

फेरविचाराचा अर्ज आयकॅनच्याच संचालकांकडे जातो. त्यापुढे स्वतंत्र पंचांकडे जाता येतं. 2016 च्या सुधारणांत यासाठी पंचांचं कायम मंडळ नेमण्याचं ठरलं होतं. 2020 उजाडलं तरी ते नेमलं गेलं नव्हतं.

मग पत्र आलं ते तिसऱ्याच दिशेकडून. आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली सार्वजनिक हिताची संस्था असल्यामुळे त्या राज्याच्या महाधिवक्त्याला तिच्यावर देखरेखीचा अधिकार आहे. झेवियर बेसेरा यांनी जानेवारी 2020 मध्ये कागदपत्रं मागवली आणि 15 एप्रिलला आयकॅनला सविस्तर पत्र लिहून सौदा नाकारावा असं सांगितलं. आयकॅनच्या मंडळाने उत्तराची मुदत मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत वाढवली. पत्राचे मुद्दे मोहिमेतल्या माणसांना नवे नव्हते: इथॉस आणि तिच्या उपकंपन्यांमागे नेमकं कोण आहे हे अंधारात, विक्रीसाठी घेतलेलं कर्ज रजिस्ट्रीच्याच डोक्यावर बसणार, ना-नफा संस्थांचं हित कोण सांभाळणार याची खात्री नाही. मुद्दे तेच, पण सही अशा माणसाची होती ज्याला संस्था न्यायालयात खेचता येते.

आपल्याकडे सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त सगळे प्रामाणिक आहेत, हे पुरेसं धरत नाहीत. विकणं न्यासाच्या हिताचं आहे का, किंमत योग्य आहे का, लाभार्थ्यांची हरकत आहे का, हे बाहेरचा माणूस तपासतो. संस्थांमधले लोक या परवानगीला कंटाळतात, तिला वेळ लागतो, ते सगळं खरं. पण डॉट ऑर्गच्या बाबतीत जे नव्हतं ते नेमकं हेच होतं. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याने ती जागा भरून काढली, तीही नंतर, मोहीम पेटल्यावर.

30 एप्रिल 2020 ला आयकॅनच्या मंडळाने संमती नाकारली. अध्यक्ष मार्टेन बोटरमन यांनी मांडलेली कारणं मोजकी आणि भक्कम होती. सार्वजनिक हितासाठी असलेली संस्था आता भागधारकांच्या हिताला बांधील कंपनी होणार. तिच्यावर 36 कोटी डॉलरचं कर्ज चढणार, ज्याचा उपयोग डॉट ऑर्गला नसून खरेदीलाच आहे. आश्वासनं पाळली जातील याची पुरेशी खात्री नाही. निर्णय योग्य होता. मला त्याचा आनंद झाला आणि आजही आहे. पण निर्णय योग्य येणं आणि व्यवस्था योग्य असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इथे उपविधींत लिहिलेल्या एकाही यंत्रणेने सौदा अडवला नाही. ऐकलं गेलं नाही अशा तीन हजार हरकती, करारावर हात न घालू शकणारा समूह, न नेमलेले पंच. अडवला तो रस्त्यावरच्या दबावाने आणि एका राज्याच्या कायद्याने.

यातली दुसरी गोष्ट, एका राज्याचा कायदा, जगाला अस्वस्थ करणारी आहे. भारत, ब्राझील, आफ्रिकेतले देश वर्षानुवर्षं म्हणत आले की पत्त्यांची व्यवस्था एका देशाच्या सरकारच्या हाताखाली नको. 2016 मध्ये वॉशिंग्टनचा हात निघाला. चार वर्षांनी निर्णायक क्षणी पत्र आलं कॅलिफोर्नियाच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून. यावेळी ते पत्र आपल्या बाजूचं होतं. पुढच्या वेळी नसेलही. पुण्यातल्या किंवा नैरोबीतल्या संस्थेला कॅलिफोर्नियाचा महाधिवक्ता निवडता येत नाही, त्याच्याकडे दाद मागायला जाताही येत नाही.

पंचांचा निकाल

नेमचीपने फेब्रुवारी 2020 मध्ये दरमर्यादा काढण्याविरुद्ध स्वतंत्र पंचांकडे अर्ज केला. ही कंपनी डोमेन विकते, दर वाढले तर तिचंही नुकसान होतं, हा स्वार्थ उघड आहे आणि तो लपवलेलाही नाही. निकाल डिसेंबर 2022 मध्ये आला, जवळपास तीन वर्षांनी. दरमर्यादेबाबतचा निर्णय आयकॅनने ज्या पद्धतीने घेतला त्यात पारदर्शकतेच्या स्वतःच्याच नियमांचा भंग झाला, असं पंचांनी म्हटलं. मर्यादा असावी की नसावी हे त्यांनी मंडळावर लादलं नाही, पुन्हा तपासायला सांगितलं. 2019 चा करार तसाच चालू राहिला.

यातून काय हवं ते मला तरी स्पष्ट दिसतं. अशा कराराचा अंतिम निर्णय मंडळाने नावानिशी मतदानाने आणि लेखी कारणांसह घ्यावा. विरोधी हरकतींचं खंडन कलमानुसार द्यावं, एकत्र सारांशात विरघळवू नये. ना-नफा पत्त्याचं नियंत्रण बदलायचं असेल तर कलम 7.5 मध्ये वेगळी कसोटी असावी, पत्ताधारकांना विचारल्याशिवाय मुदत सुरूच होऊ नये, आणि गप्प राहिलं म्हणजे संमती हे वाक्य अशा करारातून काढावं. पद सोडलेल्या वरिष्ठांसाठी दोन वर्षांची बंदी असावी. पंचांचं मंडळ कायम बसलेलं असावं, म्हणजे तीन वर्षं लागणार नाहीत. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींतही सर्वसाधारण सभेची संमती, नोटीस, इतिवृत्त या गोष्टी पाळाव्या लागतात.

डॉट ऑर्ग आजही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे, इंटरनेट सोसायटीच्या छत्राखाली, ना-नफा म्हणून चालू आहे. चालू करार जून 2029 मध्ये संपतो. नूतनीकरणाची बोलणी त्याआधी सुरू होतील, मसुदा पुन्हा हरकतींसाठी खुला होईल, आणि दरमर्यादेचं आणि नियंत्रण बदलाच्या कलमाचं काय करायचं हे तेव्हाच ठरेल. ना-नफा संस्थांसाठी आयकॅनमध्ये एक वेगळा गट आहे, त्यात देशोदेशीच्या संस्थांना सदस्य होता येतं. मराठी मुलखातल्या, डॉट ऑर्गवर असलेल्या संस्थांनी आत्ताच त्यात नाव घालावं, आणि मसुदा आला की आपल्या शब्दांत, आपल्या लेटरहेडवर, आपल्या अनुभवातली हरकत पाठवावी. नमुना मजकूर चालेल, पण त्याखाली संस्थेचं स्वतःचं चार ओळींचं निवेदन असू द्यावं, म्हणजे लोकपालाला ते स्पॅम म्हणता येणार नाही.